गाडीतून आलेली तिसरी हाक

ह्यांचा फोन मी बंद केला नव्हता. फोटोखाली लाकडी फळी आहे, तिच्यावर निरांजनाच्या बाजूला तो चार्जरला लावलेला असायचा. लेक परगावाहून त्याचा रिचार्ज मारायची. शेजारणी विचारायच्या, आता कुणाचे फोन येणार आहेत त्याच्यावर? मी सांगायचे, येतात गं, बँकेचे येतात, विमावाल्यांचे येतात. खरं सांगत नव्हते. त्या फोनवर गाडीचे निरोप यायचे. आणि गाडी विकून तर आठ महिने झाले होते.

नीट सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारीचं डोकं फिरलंय.

गाडी ह्यांनी रिटायर झाल्यावर हौसेने घेतली. सासरे गिरणीत, आयुष्यभर सायकलवर गेले आले, म्हणून ह्यांना गाडीचं फार. नव्या पद्धतीची गाडी होती. तिच्या पोटात एक डबी, त्या डबीत सिमकार्ड. म्हणजे गाडीलाच फोन दिलाय म्हणा ना. गाडी सुरू झाली, दार उघडं राहिलं, पट्टा लावला नाही, की ती मालकाच्या फोनवर कळवायची. माझ्या भाच्याने ते सगळं मराठीत करून दिलं होतं, कारण मला इंग्रजी वाचता येतं पण झरझर नाही. शाळा सातवीपर्यंतच, बाकीचं मी आपलं आपण शिकले.

गाडीत आरशाजवळ एक लाल बटण होतं. अडचण आली की दाबायचं. आधी कंपनीच्या मदतीच्या माणसाला फोन जायचा. त्या सेवेची मुदत संपली, ती ह्यांनी पुढे वाढवली नाही. मग लाल बटण दाबलं की थेट मालकाचाच फोन वाजायचा. हे म्हणायचे, जावई गाडी नेतो, अडकला तर मला कळलं पाहिजे. बरोबर होतं. स्वतः गेल्यावर तो फोन कोण उचलणार, हे त्यांच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

हे गेल्यावर तिसऱ्या महिन्यात गाडी मुलुंडच्या एका बाईंना दिली. पंचेचाळिशीच्या, एकट्या राहणाऱ्या, घरोघर जाऊन पेशंटचे व्यायाम करून घेणाऱ्या. आरटीओत कागद झाले, पुस्तकावर त्यांचं नाव चढलं. भाचा म्हणाला, "आत्या, ॲपमध्ये मालक बदला म्हणून बटण आहे. तेवढं दाबून टाक, म्हणजे काकांचं नाव निघेल."

मी म्हटलं, "वर्षश्राद्ध होऊ दे."

आमच्याकडे वर्ष होईपर्यंत गेलेल्या माणसाची पिशवीसुद्धा खुंटीवरून काढत नाहीत. त्यांची चप्पल दाराशी, चष्मा डबीत. आणि मी माझ्या बोटाने त्यांचं नाव खोडायचं? नाही जमायचं.  भाच्याला वाटलं, चार दिवसांत ही दाबेल. मला वाटलं, राहिलं तर कुणाचं काय बिघडतंय.

आणि मग मला सवय लागली. सकाळी साडेआठला फोन थरथरायचा: "गाडी सुरू झाली." नऊला: "चालकाने पट्टा लावलेला नाही." हे कधी पट्टा लावायचे नाहीत, दर वेळी मला सांगावं लागायचं. मी भाजी चिरता चिरता बोलायचे, लावा की हो. मग पाच मिनिटांनी यायचं, "पट्टा लावला." अंगावर सर्रकन काटा यायचा, पण बरंही वाटायचं. दोन्ही एकदम वाटू शकतं, हे मला तेव्हा कळलं.

नकाशावर एक निळा ठिपका असायचा. तो अंधेरीला जायचा, घाटकोपरला जायचा. पण गुरुवारी मात्र बाराच्या ठोक्याला तो मढला जाऊन थांबायचा. चाळीस मिनिटं हलायचा नाही. आणि थांबल्याथांबल्या निरोप यायचा: "मागची सीट तपासा. कुणीतरी असू शकतं."

पहिल्यांदा वाचलं तेव्हा गॅस बंद करून परत वाचलं. भाच्याला विचारलं तर हसला. "अगं, लहान मूल विसरू नये म्हणून असतं ते. मागचं दार आधी उघडलं की गाडी आठवण करून देते. त्या बाई मागे बॅग ठेवत असतील." असेल. पण दर गुरुवारी?

मग मी ॲपमध्ये मागे मागे गेले. जुन्या फेऱ्या त्यात साठवलेल्या होत्या, ह्यांच्या शेवटच्या महिन्यांच्यासुद्धा. हे दर गुरुवारी, मित्राच्या वर्कशॉपला जातो, साकीनाक्याला, असं सांगून निघायचे. साकीनाक्याची एकही फेरी नव्हती. गुरुवार, बारा वाजता, मढ. चाळीस मिनिटं. तीच जागा.

म्हणजे माणूस गेला, गाडी दुसऱ्याची झाली, आणि गुरुवार तसाच चालू.

मी कुणालाच सांगितलं नाही. रोज फोन उघडायचे, एकेक फेरी बघायचे आणि मनात म्हणायचे, एवढं कळेपर्यंत नाव काढायचं नाही.

अकरावा महिना लागला. एका दुपारी मी जेवायला बसणार, तर ह्यांच्या फोनवर निरोप आला: "तुम्ही घरी पोहोचलात."

मी उठून गॅलरीत गेले. खाली फाटकाशी आमची गाडी उभी. तशीच, डावीकडे थोडी तिरकी, जशी हे लावायचे. काचेवर ऊन, आतलं काही दिसेना. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी कठडा धरून उभी राहिले आणि खरं सांगते, मी दार उघडायला वळलेसुद्धा.

गाडीतून त्या मुलुंडच्या बाई उतरल्या. वर आल्या, पाणी प्यायल्या.

"काकू, माफ करा हं," त्या म्हणाल्या. "आज दोन पेशंट लागोपाठ झाले, डोकं चालेना. गाडीत घर असं बटण आहे ते दाबलं आणि ती सांगेल तशी चालवत राहिले. फाटक दिसलं तेव्हा कळलं, हे माझं घर नाही."

"तिला अजून हेच घर माहीत आहे," मी म्हटलं.

"तेच ना. मी बदलायला गेले तर म्हणते, मालकाची परवानगी घ्या. सर्व्हिस सेंटरला गेले, ते म्हणाले जुन्या मालकाच्या फोनवरून सोडायला लागेल. मी आठ महिने दुसऱ्याच्या गाडीत फिरतेय, काकू. कागदावर माझी, आतून तुमच्या मिस्टरांची. गुरुवारी मालाडला पेशंट असतो, तिथून निघाले की ही विचारते, नेहमीच्या जागी जायचं का? एकदा गेले बघायला. छान जागा आहे हो. झाड आहे, खाडीचा वारा येतो. आता गुरुवारी डबा मागच्या सीटवर ठेवते आणि तिथेच खाते."

म्हणजे गुरुवारचं कोडं तसं सरळ होतं. गाडीने ह्यांची सवय लक्षात ठेवली आणि ती ह्या बाईंना लावली. पण हे ऐकून माझी भीती कमी झाली नाही. वाढली.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "ते लाल बटण दाबलं तर फोन कुणाला जातो?"

मी फळीकडे बघितलं. त्यांनीही बघितलं. फोटो, निरांजन, फोन.

"मला शुगर आहे, काकू. घरी कुणी नाही. बहीण घाटकोपरला असते. तिचा नंबर घालायचा होता मला तिथे."

इतकं स्पष्ट सांगितलं त्यांनी. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "महिनाभर राहिलाय वर्षश्राद्धाला. तेवढा होऊ दे, मग मी स्वतः येईन." त्या भल्या, हो म्हणाल्या. कोकम सरबत घेतलं आणि गेल्या.

रविवारी भाचा आला. तो मोटारींच्या कंपनीत आहे, आणि वर त्यांची एक समिती आहे. वेगवेगळ्या कंपन्यांची माणसं बसून नियम लिहितात, गाड्यांनी एकमेकांशी आणि बाहेरच्यांशी कसं बोलायचं त्याचे. मी त्याला झालं ते सांगितलं. तो चिडला.

"आत्या, तू पण ना. अगं, असंच होऊ नये म्हणून आम्ही डोकं फोडतोय."

"मग फोडा की. मला काय सांगतोस?"

"ऐक. बल्ब कुठल्याही कंपनीचा आण, होल्डरात बसतो ना? कारण कुणीतरी मापं लिहून ठेवली, सगळ्यांसाठी उघडी. त्यावर कुणाची मालकी नाही. तसं गाडीचं पाहिजे. गाडी कुठलीही असो, फोन कुठलाही, ॲम्ब्युलन्स कुठलीही. मदत मागायची पद्धत एकच आणि मालक बदलायचीही एकच. आता काय आहे? प्रत्येक गाडी आपल्याच कंपनीशी आपल्याच भाषेत कुजबुजते. बाहेरच्याला काही कळत नाही."

"म्हणजे कुकरच्या रिंगसारखं. ह्याची त्याला बसत नाही."

"अगदी. आत्ताच्या गाड्या म्हणजे कुकरच्या रिंगा." मग आवाज खाली आणून म्हणाला, "दाब ना बटण."

"त्या फेऱ्या जातील ना सगळ्या?"

"जातील. बाहेर काढून ठेवायची सोय नाही त्यात. तेही आम्ही लिहितोय."

"मग तुमचं लिहून होऊ दे," मी म्हटलं. तो चहा न घेता गेला.

पुढच्याच गुरुवारी ते झालं.

त्याआधी एक सांगायला हवं. मी मालवणकडची. आमच्याकडे भर बाराची वेळ रात्रीपेक्षा वाईट. बाराला विहिरीवर जायचं नाही, पारावर थांबायचं नाही. आणि त्या वेळी कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. माणूस असेल तर तिसरी हाक मारेलच. जे माणूस नाही ते तीनदा बोलवत नाही. लहानपणी आईने हे इतक्या वेळा बजावलं होतं, की मुंबईत आयुष्य गेलं तरी बाराला दाराची बेल वाजली की मी तिसऱ्या बेलला उघडते. दूधवाल्यालासुद्धा माहीत आहे.

बारा वाजून गेले होते. ह्यांचा फोन वाजला. निरोपाची थरथर नव्हे, रिंग. मी फळीजवळ गेले. पडद्यावर ह्यांनी घातलेलं नाव: माझी गाडी.

गाडी मला फोन करत होती.

मी हात मागे घेतला. फोन वाजून वाजून थांबला. फोटोतले हे माझ्याकडे बघत होते. तुळशीच्या कुंडीवर कावळा बसला होता, तोसुद्धा गप्प. परत वाजला.  मनात एकच, दुसरी आहे, दुसरी आहे. तोही थांबला.

मधली शांतता किती होती मला माहीत नाही. त्या शांततेत मला आठवलं, लाल बटण. शुगर आहे, काकू. आणि मी तिथे उभी राहून हाका मोजत होते.

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा पहिली रिंग पुरी व्हायच्या आत उचलला.

पलीकडून आधी एसीचा पंखा ऐकू आला. मग श्वास. जड, घरघरणारा, मध्येच अडकणारा. शेवटच्या आठवड्यात ह्यांचा असाच होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो."

 मग एक पुसट आवाज, बाईचा, "काकू," एवढंच. पुन्हा नुसता श्वास.

मी भानावर आले. ठिपका मढलाच होता. माझ्या फोनवरून ॲम्ब्युलन्सचा नंबर लावला. पलीकडची मुलगी शहाणी होती, शांत होती. मढला कुठे? खाडीकडे, झाडाखाली. कुठलं झाड, मॅडम? लोकेशन पाठवता का? मी ह्यांच्या फोनवर तो ठिपका दाबून बघितला, धरून बघितला. तो तिथून हलेना. कंपनीच्या ॲपच्या बाहेर तो कुणाला देताच येत नव्हता. डोळ्यांसमोर जागा दिसतेय आणि सांगता येत नाही. मी म्हटलं, तुम्ही मढकडे गाडी काढा, मी बघते.

काय बघणार होते? तेवढ्यात ॲपमध्ये खाली दिसलं: गाडी शोधा. मॉलच्या तळघरात गाडी सापडली नाही की हे ते दाबायचे, मग गाडी लांबून हॉर्न द्यायची. मी दाबलं.

बोरिवलीच्या माझ्या स्वयंपाकघरात, फोनमधून, आमच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला. मी तो हजारात ओळखेन. थांबला की परत दाबायचे. किती वेळ दाबलं कोण जाणे. बोट दुखायला लागलं. मग काचेवर टकटक.

"अगो कोन हाय? हॉर्न कोन मारतं?" म्हातारीचा आवाज, कोळणीचा.

मी ॲपमधलं दार उघडायचं बटण दाबलं. खट् झालं.

"दार उघडलंय," मी फोनमध्ये ओरडले. "ओढा. बाईंना शुगर आहे, डॉक्टरकडे न्या."

पलीकडे आणखी माणसं जमल्याचं ऐकू आलं. मग तोच आवाज, हळू, दबका:

"कोन बोलतं गो? गाडीन तर एकच बाय हाय, ती बेसुद हाय."

"मी बोलतेय. बोरिवलीहून."

"दिसत तर कोन नाय."

"अहो मावशी, मी जिवंत बाई आहे. आधी हिला बाहेर काढा, मग मला घाबरा."

कुणीतरी हसलं, कुणीतरी देवाचं नाव घेतलं. "ही त्या म्हाताऱ्याची गाडी ना?" एक पुरुष म्हणाला. "यायचा तो. काच खाली करून बसायचा. एक शब्द बोलायचा नाय." मग ओढाओढ, रिक्षाला हाका, पायांचा आवाज. दार लागलं. पंख्याचा आवाज तेवढा राहिला. मी फोन कानाला धरून त्या रिकाम्या गाडीचं ऐकत बसले. त्या माणसांच्या दृष्टीने भूत मीच होते आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

जवळच्या डॉक्टरने सलाईन लावलं, मग ॲम्ब्युलन्स तिथे पोहोचली. संध्याकाळपर्यंत त्या बोलायला लागल्या. सकाळी गडबडीत इंजेक्शन घेतलं, नाश्ता राहिला, डबा उघडायच्या आधीच डोळ्यांपुढे अंधारी आली, असं झालेलं. भाच्याला फोन केला तेव्हा त्याने एकच विचारलं, "कितव्यांदा वाजल्यावर उचललास?" मी खरं ते सांगितलं.  तो म्हणाला, "आत्या, ती डबी तीनदाच फोन करते. नंतर बंद."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही, हे सांगायला नकोच.

दोन दिवस मी वही घेऊन बसले. बाहेर काढता येत नाहीत ना फेऱ्या, मग हाताने काढल्या. तारीख, निघाल्याची वेळ, पोहोचल्याची वेळ, कुठे. बँक. दवाखाना. मंडई. मढ. दवाखाना. मढ. ते तिथे का जायचे, मला खोटं का सांगायचे, वहीत उतरवूनही कळलं नाही. घरात बसवत नसेल. दुखणं माझ्यापासून लपवायचं असेल. बसू देत. माणसाला आपली एक जागा असावी, आणि ती बायकोला नकाशावर शोधून सापडू नये.

वर्षश्राद्धाला पंधरा दिवस असताना मी ह्यांचा फोन पर्समध्ये घातला आणि मुलुंडला गेले. बाई सोसायटीच्या आवारात गाडीपाशीच थांबल्या होत्या. चेहरा उतरलेला, पण उभ्या होत्या. मी हात जोडायला गेले तर त्यांनी धरले.

"आधीच दाबायला हवं होतं गं," मी म्हटलं. अहो-जाहो तिथेच गळून पडलं.

"काकू, तुम्ही उचललात ना."

मालक बदलताना दोन्ही फोन गाडीत, शेजारी शेजारी लागतात. मी ह्यांच्या सीटवर बसले, ती बाजूला. बटण दाबलं. ॲपने विचारलं, "तुम्ही या गाडीचे मालक आहात का?" मालक तर फोटोत. मी होय दाबलं. परत विचारलं, "नक्की?" परत होय. थोडा वेळ पांढरं चक्र फिरलं आणि मग पडद्यावर आलं: "तुमच्या नावावर एकही गाडी नाही."

मी ते दोनदा वाचलं आणि फोन पर्समध्ये ठेवला.

तिने आपलं नाव घातलं. मदतीच्या जागी बहिणीचा नंबर घातला. "लागतोय का बघूया," मी म्हटलं. "नुसत्या भरवशावर सोडायचं नाही." तिने लाल बटण दाबलं. गाडीभर रिंग घुमायला लागली. मी मोजायला लागणार, तोच पहिल्याच रिंगला उचलला.

"बोल गं. काय झालं? कुठे आहेस तू?"

"काही नाही, ताई. बघत होते लागतोय का."

"बघत होतीस? माझा जीव गेला इथे. डाळ उतू चाललीय, गॅस तसाच टाकून आलेय मी. आणि बाजूला कोण आहे गं? कुणाचा तरी श्वास ऐकू येतोय."

"मी आहे," मी म्हटलं. "बोरिवलीची काकू. जा, डाळ बघा आधी."